घाटात मधूनच मिसिंग मारणाऱ्या जुन्या गाडीचा दोष कसा शोधायचा

यवतेश्वरचा घाट चढताना माझी जुनी कार्बोरेटरवाली मारुती ८०० मधूनच मिसिंग मारायची, म्हणजे इंजिनाचा ठोका चुकून झटके द्यायची, अन् खाली साताऱ्यात गॅरेजला नेली की एकदम गुपचूप चालायची, म्हणून सांगतो लगेच कार्बोरेटर (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग) खोलू नका. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगवायरींवर (स्पार्क प्लगला करंट नेणाऱ्या वायरींवर) पाण्याचा बारीक फवारा मारा, निळी ठिणगी नाचली की तिथंच करंट गळतोय. हात मात्र लांब ठेवा, झटका लय जोरात बसतो.

नाही दिसलं तर इंजिन गार झाल्यावर तिन्ही प्लग काढा, एखादाच काळा असंल तर पुसून शेजारच्या सिलिंडरला लावा अन् तिथला प्लग याच्या जागी बसवा, चार दिवसांनी परत तोच काळा झाला तर प्लग बदला. जुन्याच जागचा काळा झाला तर वायर नायतर डिस्ट्रिब्युटर कॅप (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाचं झाकण) बघा, माझ्या कॅपमधे आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी रेघ निघाली, करंट तिथूनच गळत होता.