ड्राइव्हवेला डांबर टाकायचं ठरवताय? आधी खालची जमीन बघा, मग वरचा काळा रंग

ड्राइव्हवेला डांबर टाकायचं म्हटलं की जो तो एकच विचारतो, थर किती जाड टाकू. विचारा की, पण त्याच्या आधी खाली काय भरणार ते विचारा, कारण डांबर उखडतं ते बहुतेक वेळा खालचा भराव बसला म्हणून किंवा पाणी आत शिरलं म्हणून, वरचा थर बिचारा उगाच शिव्या खातो.

पहिली गोष्ट, तुम्हाला डांबर खरंच सोयीचं आहे का ते बघा. जागा लांबलचक असेल, गाड्या सरळ येऊन सरळ जाणार असतील तर डांबर मस्त, मोठ्या जागेला काँक्रीट किंवा पेव्हरपेक्षा सहसा स्वस्त पडतं, मधे सांधे नाहीत आणि खालची तयारी झालेली असली की एका दिवसात अंथरून मोकळं होतं. पण जागा इतकी लहान की गाडी जागच्या जागी वळवावी लागते, किंवा रोज चार बाइक साइड स्टँडवर उभ्या राहणार, तर जरा थांबा. डांबर उन्हात मऊ पडतं. आमच्याकडे पहिल्याच उन्हाळ्यात बाइकच्या स्टँडने असा गोल खड्डा पाडला की करंगळी आत जाईल, आता स्टँडखाली चपटी लोखंडी पट्टी ठेवतो, ती शोधण्यात रोज दोन मिनिटं जातात ते वेगळंच. आता परत करायची वेळ आली तर गाड्या उभ्या राहतात तेवढी जागा काँक्रीट आणि येण्याजाण्याची वाट डांबर, असंच करेन.

दुसरं म्हणजे पेट्रोल-डिझेल. टारमॅक, म्हणजे रस्त्यासाठी डांबर आणि खडीचं मिश्रण, त्याचं पेटंट 1902 साली ब्रिटनमध्ये एडगर हूलीने घेतलं तेव्हा त्यात कोळशापासून निघणारं डांबर होतं, आज आपण ज्याला डांबर म्हणतो ते बहुतेक ठिकाणी बिटुमेन असतं, म्हणजे खनिज तेलाचाच खालचा गाळ. एकाच घरातली भावंडं, त्यामुळे डिझेल सांडलं की बिटुमेन विरघळतं आणि खडी सुटी होते. गाडीतून तेल गळत असेल तर आधी गाडी दुरुस्त करा, ड्राइव्हवे नंतर.

आता खालचं काम. वरची भुसभुशीत माती आणि झाडांची मुळं काढून टाका, पाइप किंवा केबल टाकायची असेल तर ती आत्ताच टाका, नंतर नवं डांबर फोडताना फार जीवावर येतं. मग खडी-मुरमाचा भराव, घरच्या गाड्यांसाठी दाबून झाल्यावर साधारण 150 मिमी, जमीन चिकणमातीची किंवा मऊ असेल तर अजून जास्त. हा भराव एकदम ओतून वरून रोलर फिरवला की वरचंच दबतं आणि खालचं पोकळ राहतं, म्हणून थराथराने टाकून दाबायला लावा आणि तेव्हा तिथे स्वतः उभे राहा. त्यावर जाड खडीचा डांबरी थर 50-60 मिमी आणि सगळ्यात वर बारीक खडीचा 20-30 मिमी. एकच पातळ थर मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

उताराचं गणित सोपं आहे, 40 ते 60 फुटांमागे एक फूट, आणि उतार घराच्या उलट दिशेला. भराव दाबून झाला की त्यावर बादलीभर पाणी ओता. जिथे डबकं साचेल तिथे डांबरानंतरही साचणार, त्यामुळे ते आत्ताच नीट करून घ्या, थोडं थोडं करून वरून लेव्हल करू म्हणतात त्याला मान डोलवू नका. कडा मोकळ्या सोडू नका, दगडाची किंवा काँक्रीटची पट्टी बसवून घ्या, नाहीतर चाक कडेवर गेलं की केकचा तुकडा तुटतो तसं तुटतं.

हॉट मिक्स, म्हणजे डांबर आणि खडीचं गरम मिश्रण, साधारण 140 ते 160 अंश सेल्सिअसवर येतं आणि गरम आहे तोवरच नीट दाबलं जातं, 80 च्या खाली गेलं की रोलर नुसता वरून फिरतो. म्हणून पाऊस किंवा कडाक्याची थंडी असेल तर काम पुढे ढकला. शेजारच्या कामाचा माल उरलाय, आत्ता लगेच स्वस्तात टाकून देतो असं सांगत कोणी दारात आला तर सरळ नाही म्हणा, तो माल किती गार झालाय देव जाणे आणि खालची तयारी तर तो करणारच नाही. लेखी कोटेशनमध्ये प्रत्येक थराची जाडी दाबल्यानंतरची लिहून घ्या, "दाबल्यानंतरची" हा शब्द विसरू नका, सगळी गंमत तिथेच असते.

काम झाल्यावर दोन-तीन दिवस गाडी बाहेरच ठेवा, उन्हाळा असेल तर अजून थोडे. त्यानंतरही पहिले काही आठवडे गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवू नका, चाक आधी थोडं पुढे सरकू द्या मग वळवा, नाहीतर टायरखाली खडी पिळून गोल व्रण उठतो. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. आमच्या दाराशी अजून तसे दोन व्रण आहेत आणि ते कोणाच्या गाडीचे यावर आजही एकमत नाही.