आवर्त सारणी पाठ करून घेऊ नका, घरातच शोधायला लावा

११८ मूलद्रव्यांचा तक्ता समोर धरला की मुलं दोन मिनिटांत पळतात, आमच्याकडेही तेच झालं. मग हे केलं:

१. तक्त्याची फक्त चौकटी आणि अणुक्रमांक असलेली कोरी प्रिंट काढून दारावर चिकटवा.

२. रोज एकच वस्तू शोधायची. खिळा म्हणजे लोखंड, २६. वायरच्या आतली तार तांबं, २९. फॉइल अॅल्युमिनियम, १३. सापडलं की मुलानेच चौकट रंगवायची, संज्ञा पण त्यानेच लिहायची. लोखंडाला एफई का, हा प्रश्न येतोच, तेव्हा लॅटिनमधलं फेरम सांगून टाका, मग ते डोक्यातून जात नाही.

३. पेन्सिल मुद्दाम द्या. मुलं लेड म्हणजे शिसं म्हणतात, पण आत असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन, ६ नंबर. आमच्याकडे यावरून अर्धा तास भांडण चाललं, त्यामुळे कार्बन कायमचा पाठ!

मीठ आणलं तर सोडियम रंगवू देऊ नका, ते संयुग आहे, त्याची वेगळी यादी करा.

आणि हो, पारा दाखवायला जुना थर्मामीटर फोडायचा नाही, बॅटरीचे सेलही उघडायचे नाहीत, त्या चौकटींसाठी फोटो पुरे.