नवा पाइप हाती आल्यावर

तंबाखू ओढायचा नवा ब्रायरचा, म्हणजे एका झुडपाच्या टणक लाकडाचा, पाइप घरी आला की त्याच संध्याकाळी तो काठोकाठ भरून पेटवावा असं वाटतं. तो मोह आवरा. जीभ पोळते, नळीत पाणी गुरगुरतं, चव कडू लागते, पाइप सारखा विझतो अशा नव्या पाइपबद्दलच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा घाईत असतं. लाकडाचा दोष क्वचितच निघतो. पहिले काही आठवडे पाइप जाणून घेण्यासाठीच आहेत असं धरून चाला.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा लेख सज्ञान आणि पाइप आधीच विकत घेतलेल्या माणसांसाठी आहे. पाइपचा धूर छातीत ओढायचा नसतो, तोंडात घोळवून सोडायचा असतो. तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातंच, सवय लागते, आणि ओठ, तोंड, घसा यांच्या कॅन्सरचा धोका वाढतो. कुठलाही फिल्टर लावून तो धोका जात नाही. तंबाखूला कधीच हात न लावलेल्यांनी इथूनच मागे फिरावं, असं मी मनापासून म्हणेन. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे. घरातही लहान मुलं असतील त्या खोलीत पाइप पेटवू नये.

पेटवण्याआधी

ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या झुडपाच्या बुंध्याशी, जमिनीखाली वाढणारी टणक गाठ. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या कोरड्या डोंगरउतारांवर हे झुडूप होतं. इटलीतलं कालाब्रिया, कॉर्सिका बेट, ग्रीस, अल्जिरिया इथला ब्रायर पाइपवाल्यांच्या ओळखीचा आहे. गाठ कापून तिचे ठोकळे कित्येक तास उकळतात, म्हणजे लाकडातला रस आणि टॅनिन निघून जातं. मग ते महिनोन्महिने सावकाश सुकवतात. फ्रान्समधलं सँ-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच धंद्यावर नावारूपाला आलं. इतकं उकळूनही थोडा अंश लाकडात उरतोच. पहिल्या काही वेळा जी कडसर, लाकडी चव येते ती त्यातलीच. तिला घाबरून पाइप कपाटात टाकू नका, ती जाते.

आता पाइप उजेडात धरा आणि मोबाइलचा टॉर्च बाउलमध्ये, म्हणजे तंबाखूच्या वाटीत मारा. धुराचं भोक अगदी तळाशी आणि मधोमध हवं. ते तळापासून बरंच वर असेल तर तिथे दर वेळी ओली, न जळलेली तंबाखू साचणार. शँक म्हणजे लाकडी दांडा आणि स्टेम म्हणजे तोंडात धरायची नळी, या दोन्हींच्या सांध्यात फट नसावी. लाकडावर बारीक फिक्या रंगाचे ठिपके दिसले तर ते लाकडातले खड्डे बुजवल्याचे असतात. दिसायला बरे नसले तरी ओढण्याला त्यांचा त्रास नाही. केसासारखी बारीक चीर दिसली, विशेषतः दांड्याच्या तोंडाशी, तर मात्र पाइप न पेटवता दुकानदाराकडे परत न्या. एकदा पेटवलेला पाइप सहसा कोणी बदलून देत नाही.

मग पाइप क्लीनर, म्हणजे कापूस गुंडाळलेली लवचिक तार, स्टेमच्या टोकातून आत सरकवा. ती न अडखळता बाउलच्या तळात डोकावली पाहिजे. सरळ दांड्याच्या पाइपात ती सहज जाते. वाकड्या पाइपात सांध्याशी अडते. थोडं फिरवून पाहा आणि कोणत्या कोनातून ती सुटते ते लक्षात ठेवा, कारण पाइप गरम असताना हेच काम तुम्हाला करायचं आहे. शेवटी रिकामा पाइप तोंडात धरून हलकेच हवा ओढा. हवा मोकळी यावी, शिट्टी वाजू नये. ही रिकामी ओढ डोक्यात ठेवा, पुढे भरताना तिची गरज पडेल.

बाउल आतून काळा असेल तर त्याला कारखान्यात कोळशाच्या पुडीचा लेप दिलेला आहे. अशा बाउलला काही लावायची गरज नाही, पाणी तर नकोच, लेप सुटतो. आतून नुसतं लाकूड दिसत असेल तर ओलं बोट एकदा आतून फिरवा, तेवढं पुरे. काही जुने लोक मध लावायला सांगतात. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत मध वाळतच नाही, बाउल चिकट होतो आणि जळकी साखर लाकडाला धरून बसते. मी मध लावू नये याच मताचा आहे.

कोणती तंबाखू, किती ओली

पहिल्या काही आठवड्यांत एकच तंबाखू ठेवा आणि ती साधी निवडा. बर्ली जातीची तंबाखू या कामाला उत्तम: तिच्यात साखर कमी, ती थंड जळते आणि बाउलमध्ये कार्बनचा थर चांगला धरते. व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूत साखर जास्त असते. घाईने ओढली की जीभ पोळते. चेरी, व्हॅनिला अशा वासाच्या मिश्रणांचा वास खोलीत छान पसरतो, पण त्यांच्यावर पाक आणि ओल टिकवणारे द्रव घातलेले असतात. नव्या पाइपात ती ओली जळतात आणि सगळा राग पाइपवर निघतो. लाटाकिया या धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा धुरकट वास लाकडात मुरतो, तेव्हा तोही नंतर.

डब्यातली तंबाखू बहुतेक वेळा हवी त्यापेक्षा ओली निघते. चिमूटभर घेऊन दोन बोटांत दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे; हळूहळू उलगडली तर बरोबर; चुरा झाला तर फार वाळली. ओली असेल तर कागदावर पसरून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. कोकणात पावसाळ्यात उघडी ठेवलेली तंबाखू वाळण्याऐवजी आणखी सर्द होते, तिथे ती पंख्याखाली ठेवावी लागते. विदर्भातल्या मे महिन्यात उलट. तिथे ती पसरून विसरलात तर चुराच उचलाल. राहिलेली तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा आणि अधूनमधून बुरशी पाहत जा.

भरणे

पहिल्या काही वेळा बाउल निम्माच भरा. पूर्ण भरलेला पाइप नवखा माणूस सहसा तळापर्यंत नेत नाही. तळाचं लाकूड कोरंच राहतं आणि वर मात्र थर चढतो. निम्मा भरून शेवटपर्यंत ओढला की तळही तयार होतो.

तंबाखू चिमटीने सोडा. पहिली चिमूट नुसती पडू द्या, दाबू नका. दुसरी हलक्या बोटाने बसवा. तिसरी जरा जोर देऊन. खाली सैल आणि वर घट्ट असं हवं, कारण हवा खालून खेचली जाते आणि तळाशी गच्च झालं की वरून कितीही काड्या ओढा, उपयोग नाही. आता पाइप न पेटवताच ओढून पाहा. शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉने ओढताना जितका जोर लागतो तितकाच लागला पाहिजे. रिकाम्या पाइपाइतकी मोकळी ओढ असेल तर वरून थोडी आणखी घाला. गाल आत जात असतील तर सगळं उकरून पुन्हा भरा. वरवर टोकरून काही साधत नाही.

पेटवणे

साधी काडी किंवा मऊ ज्योतीचा लायटर घ्या. काडी पेटल्यावर गुलाचा भाग जळून जाऊ द्या, नाहीतर त्याची चव पहिल्या झुरक्यात येते. निळ्या, जोरकस ज्योतीचे टॉर्च लायटर पाइपजवळ नकोतच. ते बाउलची कड जाळतात.

ज्योत तंबाखूवर गोल फिरवत छोटे झुरके घ्या. तंबाखू फुगून वर येईल. तिला तशीच विझू द्या आणि दट्ट्याने, म्हणजे तंबाखू दाबायच्या चपट्या साधनाने, हलकेच सपाट करा. मग पुन्हा पेटवा. खरं पेटवणं हे दुसरं. पहिल्याने फक्त वरचा थर काळा होऊन निखाऱ्यासाठी जागा तयार होते. पाइप पुढेही दोन-तीनदा विझेल. विझू द्या, राख हलकेच दाबा, पुन्हा पेटवा. विझू नये म्हणून भराभर झुरके मारणं हाच नव्या पाइपचा खरा शत्रू आहे: निखारा भडकतो, ओलसर धूर वाफ होऊन जिभेवर येतो आणि लाकूड तापतं.

ताप मोजायला हात पुरेसा आहे. बाउल मुठीत धरा. ऊब लागली तर ठीक. धरून ठेवणं जड जाऊ लागलं तर पाइप खाली ठेवा आणि थंड होऊ द्या. बाउलचा सगळा भाग कोमट आणि एकच जागा चटका देणारी असेल तर तिथे बोटाने रोज लक्ष ठेवा. त्या जागी आतला लेप गेलेला असू शकतो किंवा लाकूड जळायला लागलेलं असतं. वाऱ्यात, गच्चीवर किंवा चालताना नवा पाइप ओढू नये तो यासाठीच. वारा निखाऱ्यावर फुंकर घालत राहतो आणि तुम्हाला कळतही नाही.

मध्येच गुरगुर ऐकू आली तर क्लीनर स्टेममधून आत घालून पाच सेकंद थांबा, ओल शोषली जाते. स्टेम मात्र काढू नका. लाकूड तापलं की फुगतं. अशा वेळी स्टेम उपसला तर सांधा कायमचा सैल पडतो किंवा दांडा तडकतो. पाइप पूर्ण थंड झाल्यावर, एका हाताने दांडा धरून, स्टेम फिरवत काढायचा आणि फिरवतच बसवायचा.

ओढून झाल्यावर

राख ओतून टाका, पण बाउल टेबलाच्या कडेवर आपटू नका. तळहातावर टपली पुरे. क्लीनर आरपार फिरवा, तो स्वच्छ निघेपर्यंत बदला आणि शेवटचा आतच ठेवा. मग पाइपला निदान एक दिवस विश्रांती. लाकडाने शोषलेली ओल बाहेर यायला तेवढा वेळ लागतो, पावसाळ्यात दोन दिवस. रोज ओढणाऱ्याने एकाच पाइपवर भागवू नये. दुसरा म्हणून मक्याच्या कणसाचा पाइप स्वस्त पडतो. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून हे पाइप बनतात आणि त्यांना असं हळूहळू तयार करण्याची फारशी गरजच नसते.

स्टेम काळ्या व्हल्कनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, असेल तर तो उन्हात ठेवू नका आणि गरम पाण्याने धुऊ नका. त्यात गंधक असतं; ऊन लागलं की काळा रंग जाऊन हिरवट-तपकिरी कळा येते आणि तोंडाला आंबूस चव लागते. अॅक्रिलिकच्या स्टेमला हा त्रास नाही, फक्त दातांना तो कठीण लागतो.

हळूहळू बाउलच्या आत कार्बनचा थर चढेल. लाकडाला आगीपासून वाचवणारा हाच. ब्रायरमध्ये तो साधारण एक ते दीड मिलिमीटर राहू द्यावा. त्याहून जाड झाला तर लाकडापेक्षा थर जास्त फुगतो आणि बाउल आतून चिरतो. अशा वेळी पाइपसाठी मिळणाऱ्या रीमरने, म्हणजे थर खरवडायच्या हत्याराने, थोडा थोडा उतरवावा. टोकदार चाकू आत घालू नका, तळाच्या भोकाची कड त्यानेच बिघडते. तुमचा पाइप मीअरशॉमचा, म्हणजे तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या खाणींतल्या पांढऱ्या, हलक्या खनिजाचा असेल तर नियम उलटा: त्यात थर धरूच द्यायचा नाही. दर वेळी थंड झाल्यावर बाउल आतून कागदाने पुसून घ्यायचा.