टोमॅटोची मर जिवाणूची की बुरशीची? ग्लासभर पाण्यात कळते

पॉलिहाऊसमधलं हिरवंगार टोमॅटोचं झाड पानं पिवळी न पडताच अचानक माना टाकतं (यालाच मर म्हणतात), आणि आपण घाईघाईने बुरशीनाशक ओततो. मर जिवाणूची असेल तर तो खर्च वाया जातो. आधी एवढं करा:

१. झाड उपटून जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा धारदार चाकूने कापा.
२. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या. कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तुकडा वरून दोऱ्याने टांगा. ग्लास अजिबात हलवू नका.
३. मागे काळा कागद धरून पाच-दहा मिनिटं पाहा.

कापलेल्या टोकातून दुधट, धुरासारखे बारीक धागे खाली उतरू लागले, तर मर जिवाणूची. फवारणीने ती बरी होत नाही. झाड मुळं-मातीसकट पिशवीत भरून बाहेर काढा, कंपोस्टमध्ये मुळीच नको. धागे दिसले नाहीत तर मात्र लगेच निर्धास्त होऊ नका, प्रयोगशाळेत नमुना द्या.

ग्लासातलं पाणी पॉलिहाऊसमध्ये किंवा पाटात ओतू नका, उकळूनच टाका. चाकूही ७० टक्के अल्कोहोलने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. छाटणीच्या चाकूवरूनही हा रोग ओळीच्या ओळी धरतो.