मिडफिल्डर व्हायचंय? बॉल पायात नसताना होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मॅच चालू असताना कुणी मधल्या पट्ट्यात समोरच्याच्या दोन पायांतून बॉल काढला की अख्खी गॅलरी उठून उभी राहते. पुढच्या पाच सेकंदांत तोच पोरगा बॉल घालवतो, पण तोवर शिट्ट्या वाजून झालेल्या असतात. मी त्या शिट्ट्यांसाठी खेळलेला माणूस आहे. आठ नंबरची जर्सी घालून पेठेच्या संघातून सहा हंगाम काढले, व्यावसायिक फुटबॉलपर्यंत काही पोहोचलो नाही, आता पहाटे पोरांना शिकवतो. का पोहोचलो नाही, याचा हिशेब करायला भरपूर वेळ मिळाला.

नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायात बॉल असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. मिडफिल्डर त्या नव्वद मिनिटांत दहा-अकरा किलोमीटर धावतो, म्हणजे जवळपास सगळं धावणं बॉलशिवायच. त्याचं करिअर बिघडतं तेही बहुतेक वेळा बॉल लांब असतानाच: पास येण्याआधी, दोन मॅचच्या मधल्या दिवसांत, नाहीतर कुणाच्या तरी ऑफिसात कागदावर सही करताना.

बॉल आल्यावर मान वर करणे

लक्षण ओळखायला सोपं आहे. पहिला टच सुरेख, दुसऱ्या टचला अंगावर माणूस, तिसऱ्याला बॉल गेलेला. पोरगं म्हणतं, "सर, जागाच दिली नाही." जागा होती. ती पाठीमागे होती आणि याने तिकडे बघितलंच नव्हतं.

नॉर्वेचे संशोधक गाइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचे व्हिडिओ लावून एकच गोष्ट मोजली: बॉल मिळण्याआधी खेळाडू बॉलवरची नजर काढून किती वेळा आजूबाजूला बघतो. फ्रँक लॅम्पार्ड आणि स्टीव्हन जेरार्ड सगळ्यात वर निघाले, सेकंदाला सरासरी ०.६ च्या आसपास. म्हणजे पास येण्याआधीच्या दहा सेकंदांत साधारण सहा वेळा मान फिरते. जास्त वेळा बघणाऱ्यांचे पुढच्या दिशेने दिलेले पासही जास्त नेमके पोहोचतात, असं त्यांना आढळलं.

दुरुस्तीला खर्च शून्य. मित्राला गॅलरीत बसवा आणि मोबाइलवर फक्त तुमचं शूटिंग करायला सांगा, बॉल कुठेही असो. घरी येऊन मोजा. पहिल्यांदा मोजणाऱ्याला स्वतःची लाजच वाटते, मलाही वाटली होती. मग सराव: दोघांनी पास खेळायचा, तिसऱ्याने पाठीमागे उभं राहून बोटं दाखवायची, आणि बॉल पायाला लागायच्या आत आकडा ओरडून सांगायचा. उभं राहताना छाती पूर्ण बॉलकडे नको. अर्धं वळून, मागच्या पायावर बॉल घ्यायचा, म्हणजे पुढे वळायला वेगळा टच लागत नाही.

यातही एक गंमत होते. आठवड्याभरात पोरं मान हलवायला शिकतात, डोळे मात्र काही आणत नाहीत. टीव्हीवर बघितलेलं असतं, म्हणून देव्हाऱ्यासमोरच्या नंदीसारखी मान डोलते. म्हणून मी मध्येच शिट्टी मारून विचारतो, "डावीकडे कोण होतं?" उत्तर आलं नाही तर बघणं झालंच नाही.

"मी टेनच खेळणार"

दहा नंबर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे राहून गोल रचणाऱ्याची जागा, सगळ्यांनाच हवा असतो. आता गणित बघा. २०२१-२२ च्या हंगामापासून आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू खेळवता येऊ लागले. प्रशिक्षक ते चार कुठे खर्च करतो? बहुतेक वेळा स्ट्रायकर, त्याच्या मागचा टेन आणि मधला बचावपटू. ज्या जागेवर स्पेनहून किंवा ब्राझीलहून माणूस आणला जातो, नेमकी तीच जागा आपल्या पोराने एकुलती एक धरून ठेवलेली असते. मग बेंच.

इटलीचा आंद्रेआ पिर्लोसुद्धा टेनच होता. इंटर क्लबात त्याला जागा मिळेना. २००१ मध्ये तो लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, ब्रेशिया क्लबला गेला, तर तिथे त्या जागेवर साक्षात रोबेर्तो बाज्जो. प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला खाली, बचावफळीच्या पुढ्यात उतरवलं. पुढे मिलानमध्ये आंचेलोत्तींनी त्याला तिथेच पक्का केला. २००६ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये सामनावीर ठरला तो हाच 'खाली ढकललेला' पिर्लो. खालच्या जागेवरून मैदान समोर दिसतं, पाठीवर माणूस कमी येतो. ज्याची नजर चांगली पण वेग बेताचा, त्याच्यासाठी ती शिक्षा नव्हे.

आपल्या शेजारचं उदाहरण हवं तर गोव्याच्या लेनी रॉड्रिग्जचं घ्या. चर्चिल ब्रदर्स, पुणे सिटी, बेंगळुरू, एफसी गोवा, मोहन बागान. त्याच्या गोलांची यादी काढायला बसलात तर चहा गार व्हायच्या आत संपेल. तरी मोठे क्लब त्याला घेत राहिले, कारण बॉल त्याच्याकडे गेला की परत आपल्याच माणसाकडे येणार याची खात्री होती. असल्या खेळावर रील बनत नाही. म्हणून रील पाठवूच नका. क्लबला पूर्ण मॅचचा व्हिडिओ पाठवा, आपला नंबर आणि वेळ लिहून, आणि हरलेली एखादी मॅचही त्यात असू द्या.

गुडघा: खेळून खेळून घालवलेला

आमच्याकडचा चांगला सतरा वर्षांचा मिडफिल्डर घ्या. सकाळी शाळेच्या किंवा कॉलेजच्या टीमचा सराव, संध्याकाळी तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, सीनियर टीमसोबत, रविवारी अकॅडमीची मॅच, आणि बुधवार-शुक्रवार रात्री टर्फवरची स्पर्धा, कारण तिथे रोख बक्षीस. चार प्रशिक्षक, आणि चौघांनाही बाकीच्या तिघांचा पत्ता नाही. प्रत्येकाला वाटतं, पोरगं आज जरा जड का पळतंय?

जॅक विल्शरचं नाव माझ्या पोरांना आता माहीत नाही, यातच सगळं आलं. २००८ मध्ये सोळाव्या वर्षी आर्सेनलकडून लीगमध्ये उतरलेला. फेब्रुवारी २०११ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, झावी-इनिएस्ताच्या बार्सिलोनासमोर त्याने मधला पट्टा असा सांभाळला की इंग्लंडला पुढची दहा वर्षं मिडफिल्डची चिंता नाही असं वाटलं. त्या हंगामात तो क्लबकडून जवळपास पन्नास सामने खेळला. पुढचा अख्खा हंगाम घोट्याच्या दुखापतीत गेला. नंतर येत-जात राहिला आणि जुलै २०२२ मध्ये, तिशीत, थांबला. कारण एकच होतं असं कुणी छातीठोक सांगू नये. पण एवढ्या कोवळ्या वयात एवढ्या मॅच, हे वाचताना मला आमचं टर्फचं वेळापत्रक आठवतं.

उपाय म्हणजे एक वही. रोज किती मिनिटं खेळलो आणि शरीराला किती जड गेलं, दहापैकी आकडा. रविवारी बेरीज करून ती वही चारही प्रशिक्षकांना दाखवायची. शिव्या खायची तयारी ठेवून दाखवायची, कारण तालमीतला कुणीतरी म्हणणारच, "आमच्या वेळी असलं काय नव्हतं." खरंय, नव्हतं. म्हणूनच त्या वेळचे निम्मे लोक आज जिना उतरताना कठडा धरतात.

वॉर्मअपलाही फाटा देऊ नका. दोन फेऱ्या आणि मांड्या ताणल्या की झालं, हा समज जुना. फिफाचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम आहे: धावणं, तोल, उड्या, हॅमस्ट्रिंग आणि पोटाचे व्यायाम. आठवड्यातून दोनदा तरी नीट केला तर दुखापती साधारण एक-तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त घटल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. साहित्य म्हणाल तर काही कोन आणि एक मोकळं ग्राऊंड.

आणि वळताना गुडघ्यातून 'कट्' आवाज आला, तासाभरात सूज चढली, तर मालिशवाल्याकडे जाऊ नका. तालमीच्या मातीत वाढलेला मी, तेल-मालिशचा मला आदर आहे. आखडलेल्या पोटरीला तिच्यासारखं काही नाही. तुटलेलं लिगामेंट मात्र मालिशने जुळत नाही. एमआरआय, हाडांचे डॉक्टर, फिजिओ. एसीएलचं, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य लिगामेंटचं, ऑपरेशन झालं तर नऊ महिन्यांच्या आत मॅच खेळू नका. लवकर परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण कितीतरी जास्त आहे. मी स्वतः सहाव्या महिन्यात फायनल म्हणून उतरलो होतो. इंजेक्शन घेऊन. मॅच जिंकलो.

अंगकाठी बघून घाबरणं, आणि वयाचा दाखला

लुका मोद्रिचला लहानपणी क्रोएशियाच्या हायदुक स्प्लिट क्लबने अंगाने बारीक म्हणून परत पाठवलं. एनगोलो कांते एकोणीस वर्षांचा होईपर्यंत पॅरिसजवळच्या सुरेनच्या हौशी क्लबात होता. २०१६ मध्ये त्याने लेस्टरसोबत प्रीमियर लीग जिंकली आणि २०१८ मध्ये फ्रान्ससोबत वर्ल्डकप. पंधराव्या वर्षीची उंची बघून पोराला मिडफिल्डमधून काढू नका.

याची दुसरी बाजू जास्त वाईट. अंगाने मोठा दिसावा म्हणून पालक वय दोन वर्षांनी कमी दाखवतात. पोरगं चौदाखालच्यांत सगळ्यांना ढकलून खेळतं, डोकं वापरायची वेळच येत नाही. पुढे मनगटाची तपासणी होते, हाड खरं बोलतं आणि बंदी लागते. नाही पकडलं गेलं तरी अठराव्या वर्षी सगळे अंगाने सारखे झाल्यावर याच्याकडे काही उरत नाही.

सही करताना

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि इथेच सगळ्यात कमी बोललं जातं. एका ओळखीच्या घरी दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. युरोपातल्या क्लबची ट्रायल, फक्त काही लाख भरा, पोरगं सोळाचं आहे ना, अगदी योग्य वय. वडील कर्ज काढायला निघाले होते. मी त्यांना एकच नियम सांगितला: फिफाच्या नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली, मोजके अपवाद सोडले तर, होतच नाही. ते अपवाद कोल्हापुरातल्या शेतकऱ्याच्या मुलाला सहसा लागू पडत नाहीत.

बाकी तपासायच्या गोष्टी अशा. एजंटकडे फिफाचा परवाना असतो आणि त्याचं नाव फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. नाव नसेल तर चहा पाजा आणि निरोप द्या. मूल सज्ञान नसेल तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय एजंटने त्याच्याशी बोलणीही करायची नसतात. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा व्यावसायिक करार तीन वर्षांहून जास्त मुदतीचा करता येत नाही. कुणी पाच वर्षांचा कागद पुढे केला तर त्याला नियम माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे. कराराची सही झालेली प्रत त्याच दिवशी हातात घ्या, "नंतर मेल करतो" चालणार नाही. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च आणि त्या काळातला पगार कुणाचा, हे कलम सापडेपर्यंत पेन खाली ठेवा.

पगार थकला तर गप्प बसणं ही आपल्या पोरांची सवय, कारण 'नाव खराब होईल'. फिफाच्या नियमांत दोन महिन्यांचे पगार थकले, तर खेळाडूने क्लबला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडायची मुभा आहे. व्हॉट्सअपवरचा आर्जव म्हणजे नोटीस नव्हे. २०२५ च्या जुलैत व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचा हंगाम लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी पगार थांबवले, तेव्हा नावाजलेल्या खेळाडूंचीही झोप उडाली. याआधी २०१० मध्ये मुंबईचा महिंद्र युनायटेड बंद झाला होता, चारच वर्षं आधी राष्ट्रीय लीग जिंकलेला क्लब. तेव्हा बारावीची परीक्षा बुडवून कॅम्पला जाण्याआधी दोनदा विचार करा. स्पर्धांची प्रमाणपत्रंही जपून ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी आरक्षण आहे, मात्र टर्फच्या चषकांना तिथे कुणी विचारत नाही.

दोन महिने बेंचवर बसलो, क्लब सोडतो

मोद्रिच २०१२ मध्ये रेआल माद्रिदला गेला आणि त्याच वर्षाच्या शेवटी एका स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला हंगामातली सर्वांत वाईट खरेदी ठरवलं. तो तिथे २०२५ पर्यंत राहिला: सहा चॅम्पियन्स लीग, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूचा २०१८ चा बॅलन डी'ओर पुरस्कार. नव्या संघात मिडफिल्डरला वेळ लागतोच, कारण त्याला दहा जणांच्या सवयी शिकायच्या असतात. एक पूर्ण हंगाम द्या. त्यानंतरही मिनिटं मिळत नसतील तर लोन मागा, आणि खालच्या लीगमध्ये जायला लाजू नका. हाच मोद्रिच अठराव्या वर्षी बोस्नियात मोस्तारच्या संघात लोनवर जाऊन कसल्या कसल्या मैदानांवर लाथा खाऊन आला होता.

ट्रायलच्या दिवशी

नवे बूट घालून जाऊ नका, फोड येतात. पहिले दोन-तीन पास सोपे द्या, नंतर काय ते दाखवा. अनोळखी पोरांत खेळताना तोंड उघडा. "मागे माणूस", "वळ", "परत दे" एवढं ओरडलात तरी बघणाऱ्याच्या लक्षात येतं की याला काहीतरी दिसतंय. जन्मदाखला आणि आधारची मूळ प्रत एका पिशवीत, पाणी आणि पट्टी घरूनच न्या. आणि मॅच संपल्यावर वडिलांना प्रशिक्षकाकडे पाठवू नका.