टीव्हीवरच्या चर्चेची बातमी करताना: पट्टीवरची ओळख, पूर्ण रेकॉर्डिंग आणि रेटिंगचे आकडे

माध्यमविश्वाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळासाठी रात्रीच्या चर्चेवर लिहायचं असेल, तर कामाची सुरुवात रेकॉर्डिंगपासून होते. वाहिनी यूट्यूबवर नंतर क्लिप टाकेलच, या भरवशावर राहू नका. टाकलेला तुकडा बऱ्याचदा संपादित असतो आणि वाद पेटला की तो काढलाही जातो. चोवीस तास चालणाऱ्या लाइव्हमध्ये फार तर १२ तास मागे जाता येतं, तेही वाहिनीने सोय चालू ठेवली असेल तर. १२ तासांहून लांब लाइव्ह यूट्यूब आपोआप साठवत नाही. त्यामुळे काल रात्री ९ ची चर्चा आज सकाळी १० वाजता शोधायला जाल, तर ती हाती लागणार नाही.

पडद्यावरचं रेकॉर्ड करायला ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ७२०पी चित्र आणि २,५०० केबीपीएस बिटरेट ठेवला की तासाला साधारण १.२ जीबी जागा लागते. पट्टीवरची अक्षरं एवढ्यात नीट वाचता येतात. फाइल एमकेव्ही या फॉरमॅटमध्ये साठवा. साध्या एमपी४मध्ये रेकॉर्ड करताना मधेच वीज गेली किंवा संगणक अडकला, तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचा भाग वाचतो आणि नंतर ओबीएसमध्येच ती एमपी४ करून घेता येते. संगणकाचं घड्याळ चौकटीत दिसू द्या. इंटरनेटवरचं प्रक्षेपण डीटीएचच्या मागे असतं, म्हणून बातमीत वेळ लिहिताना ‘यूट्यूब लाइव्हनुसार ९ वाजून १४ मिनिटं’ असं स्पष्ट लिहा. मूळ फाइलला हात न लावता तिचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा सांकेतिक ठसा, काढून ठेवा आणि कापाकापी प्रतीवर करा. प्रकरण न्यायालयात गेलं, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हाच हॅश लागतो.

पट्टीवर काय लिहिलंय?

पाहुण्याच्या नावाखाली ओळख सांगणारी पट्टी, जिला न्यूजरूममध्ये अ‍ॅस्टन म्हणतात, ती या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बातमी आहे. ‘राजकीय विश्लेषक’ ही पदवी कुठलंही विद्यापीठ देत नाही. ती वाहिनीचा डेस्क देतो आणि पुष्कळदा पाहुण्याने फोनवर सांगितली तशीच टाइप होते. प्रेक्षक मात्र त्या दोन शब्दांवरून ठरवतो, की हा माणूस तटस्थ आहे.

म्हणून एक साधी नोंदवही ठेवा: तारीख, वाहिनी, कार्यक्रम, पाहुण्याचं नाव आणि पट्टीवरचे शब्द जसेच्या तसे. महिना-दोन महिन्यांत चित्र दिसायला लागतं. तोच माणूस एका वाहिनीवर ‘ज्येष्ठ पत्रकार’, दुसरीवर ‘विश्लेषक’ आणि तिसरीवर पक्षाचा ‘समर्थक’ म्हणून बसलेला सापडतो. मग पडताळणी करा. पक्षाने जाहीर केलेली प्रवक्त्यांची यादी पाहा. निवडणूक लढवली असेल तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रतिज्ञापत्र असतं, त्यात व्यवसाय आणि गुंतवणूक दोन्ही कळतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नोंदींत संचालकांची नावं असतात. महाराष्ट्रात आणखी एक जागा हमखास तपासा, ती म्हणजे राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचे शासन निर्णय. समित्या आणि महामंडळांवरच्या नेमणुका तिथे नावानिशी मिळतात.

इथे सर्वांत मोठा धोका नामसाधर्म्याचा. आडनाव आणि पहिलं नाव जुळलं म्हणून माणूस तोच, असं धरू नका. आपल्याकडे मधलं नाव लावायची पद्धत आहे आणि प्रतिज्ञापत्रात ते असतंच. ते जुळवा, शिवाय वय किंवा पत्ता यांपैकी एक तरी गोष्ट पडताळा; पत्ता छापू मात्र नका. एवढं झालं की संबंधिताला आणि वाहिनीला लेखी प्रश्न पाठवा, उत्तराची मुदत तासासह कळवा. उत्तर आलं नाही तर बातमीत तसं लिहा. सापडलेली वस्तुस्थिती मांडा, हेतू चिकटवू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे बदनामीचं कलम, बहुतेक वेळा हेतूबद्दलच्या एका विशेषणामुळेच अंगावर येतं.

शेअर बाजाराच्या कार्यक्रमातल्या तज्ज्ञांबाबत तपासणी जास्त सोपी आहे. सेबी या बाजाराच्या नियामक संस्थेकडे नोंदलेल्या संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो. सेबीच्या संकेतस्थळावर नाव टाकून तो पाहता येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका व्यवसायवाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांच्या प्रकरणात सेबीने अंतरिम आदेश काढून ७ कोटी ४१ लाख रुपये गोठवले. शिफारस पडद्यावर येण्याआधी ती काहींना कळत होती आणि ते आधीच सौदे करत होते, असा आरोप होता. पट्टीवरची ओळख का तपासायची, याचं याहून थेट उदाहरण नाही.

शब्दांकन आणि क्लिप

आपोआप होणारं मराठी शब्दांकन फक्त जागा शोधायला वापरा. तिघं एकदम बोलू लागले की ते कोसळतं आणि एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जातं. वादाचं वाक्य स्वतः हेडफोन लावून तीनदा ऐका. त्याआधीचा आणि नंतरचा किमान एकेक मिनिट लिहून काढा, कारण ‘असं विरोधक म्हणतात’ हे शब्द नेमके त्या मिनिटात सांडलेले असतात. कुणाला किती वेळ मिळाला हे मोजायचं असेल, तर निवेदकाचा वेळही मोजा आणि गोंगाटाचा वेळ वेगळ्या रकान्यात टाका. जाहिराती वजा करायला विसरू नका. मथळ्यात ‘बोलती बंद’, ‘धुलाई’ नको. तो निकाल आहे, घटना नव्हे.

क्लिप जोडताना लोगो झाकू नका. गरजेपुरताच तुकडा घ्या आणि सोबत स्वतःचं विश्लेषण ठेवा. प्रताधिकार कायदा, १९५७ चं कलम ५२ टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी वाजवी वापराला मुभा देतं. यूट्यूबचा हिशोब मात्र वेगळा आहे: ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनेल बंद होऊ शकतं. म्हणून बातमीचा आधार मजकुरात असावा, क्लिपवर टांगलेला नसावा.

रेटिंग

‘कालच्या चर्चेला इतका टीआरपी’ असं कुणी सांगितलं तर छापू नका. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले होते. मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले ते चार आठवड्यांच्या सरकत्या सरासरीने. एका रात्रीचं यश त्यातून काढता येत नाही. वाहिनीने ‘आम्हीच नंबर वन’ म्हटलं, तर बाजारपेठ, वयोगट, आठवडे आणि वेळेचा पट्टा या चार गोष्टी विचारा. एकही बदलली तरी क्रम पालटू शकतो.

तक्रारीची बातमी

कार्यक्रमाविरुद्ध तक्रार झाली असेल, तर आधी वाहिनी कुठल्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे ते पाहा. एनबीडीएसए ही वृत्तवाहिन्यांची अशीच एक संस्था फक्त आपल्या सदस्य वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकते. जून २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे जाता येतं. प्रत्येक टप्प्याची तारीख बातमीत द्या. ‘तक्रार दाखल’ एवढ्यावरून वाचकाला काहीच कळत नाही. वाहिन्यांना प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवावं लागतं, त्यामुळे मूळ फुटेजची लेखी मागणी त्या मुदतीतच करा.