कॅरॅव्हॅनमध्ये धूळ शिरू नये म्हणून

ऑस्ट्रेलियातला मारी ते मार्ला हा ऊडनाडाटा ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटरचा, बहुतेक कच्चाच. खिडक्या घट्ट लावूनही संध्याकाळी कॅरॅव्हॅनचं (गाडीमागे ओढत न्यायच्या, चाकांवरच्या घराचं) दार उघडलं की गादीपासून चहाच्या डब्यापर्यंत तांबडी धूळ!

१. दाराच्या खालच्या जाळीवर आतून चिकटपट्टी लावा.
२. छताची झडप पुढच्या बाजूने दोन-तीन बोटं उघडी ठेवा. वरून आत भरलेला वारा फटींतून बाहेर पडतो, म्हणून धूळ आत शिरत नाही. ऐकायला उलटं वाटतं खरं.
३. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात शिरू नका, अंतर ठेवा. डांबरी रस्ता लागला की झडप बंद.

मुक्कामी गॅस पेटवण्याआधी चिकटपट्टी आठवणीने काढा. ती जाळी गॅस बाहेर जाण्यासाठीच असते.